ते सांगणं तिचं होतं



बरेच महिने इथं काही लिहिलं नाही, कितीजणींनी विचारलंसुद्धा. मेच्या शेवटी लेकीकडे इंग्लंडला गेले होते. व्हिसा सहा महिन्यांचा, नोव्हेंबरच्या मध्यावर परत आले. कांदा-बटाटा न घालता नातवाचे डबे कसे केले, पाणी गाळायला कापड कुठून आणलं, ते सगळं पुढं कधीतरी लिहीन. आज माझ्या हातून झालेली एक चूक लिहायची आहे. हातून कसली, जिभेनं झालेली. ज्या विषयावरून झाली तो आपल्या बायकांच्या बोलण्यात कधी येत नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करते.

लेकीच्या घराला भिंत लागून एक बाई राहतात. वय माझ्याएवढंच, साठी ओलांडलेली. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. शाळा सुटल्यापासून आई-बाप कामावरून येईपर्यंत त्या लोकांची मुलं आपल्या घरी सांभाळतात. तिकडं या कामालाही सरकारदरबारी नोंदणी लागते, तपासणीला माणसं येतात, विमा काढावा लागतो. मी गेले तेव्हा पाच मुलं येत होती, त्यातला एक माझा नातू. गावाचं नाव मी लिहिणार नाही आणि बाईंचं तर नाहीच. हा लेख लिहू का, असं मी लेकीकडून त्यांना विचारून घेतलं आहे. त्या म्हणाल्या, लिहा, पण मला कुणी ओळखेल असं काही त्यात नको. एकदा न विचारता बोलून बसले, दुसऱ्यांदा तरी विचारावं!

आमची ओळख झाली ती सूर्यामुळं. जूनमध्ये तिथं सूर्य साडेनऊला मावळतो. आपल्याला काय, सूर्यास्ताच्या आत जेवण आटपायचं, त्यामुळं मी पहिल्या आठवड्यात रोज लेकीला विचारायची, आज किती वाजता मावळणार? ती कंटाळली. एकदा नातवाला आणायला शेजारी गेले तर बाईंच्या स्वयंपाकघरात भिंतीवर छापील तक्ता, रोजचा सूर्योदय, रोजचा सूर्यास्त, खाली चंद्राच्या कला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! घरी आपलं पंचांग भेटल्यासारखं वाटलं. मी बोट ठेवून विचारलं, तुम्ही हे कशाला लावलंय? त्या म्हणाल्या, बागेसाठी. मी म्हटलं, मी जेवणासाठी बघते. मग मी माझ्या बी.कॉम.च्या इंग्रजीत रात्री न जेवण्याचं कारण सांगितलं. अंधारात सूक्ष्म जीव दिसत नाहीत, हिंसा होते. त्यांनी अगदी मन लावून ऐकलं. हसल्या नाहीत, आणि ‘मग तुम्ही खाता तरी काय’ असंही विचारलं नाही. तेव्हाच मला त्या आवडल्या.

२१ जूनला, म्हणजे त्यांच्याकडच्या सर्वांत मोठ्या दिवशी, मी पहाटे सामायिकाला उठले होते. तिथं तेव्हा पावणेपाचलाच उजाडतं. खिडकीतून पाहिलं तर बाई मागच्या अंगणात अनवाणी उभ्या, तोंड पूर्वेला, हातात पाण्याचा वाडगा. सूर्याचा कडा दिसला तसं त्यांनी ते पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं. मला वाटलं, अगंबाई, ही तर अर्घ्य देते! दुपारी मी सरळ विचारलं. त्या दोन क्षण गप्प राहिल्या. मग मुलं पुढच्या खोलीत आहेत ना हे बघून त्यांनी मला जिन्याखालचं कपाट उघडून दाखवलं.

इंग्लंडच्या घरांत जिन्याखाली असं एक कपाट असतं. झाडू, बादल्या, कचरा ओढायचं यंत्र ठेवायचं. त्या कपाटात आतल्या बाजूला एक फळी होती. फळीवर एक मेणबत्ती, नदीतला गुळगुळीत दगड, गव्हाच्या चार लोंब्या, गळून पडलेलं हरणाचं शिंग, यजमानांचा फोटो आणि लाकडाची एक चकती. चकतीवर वर्तुळात पाच टोकांची चांदणी कोरलेली. त्या म्हणाल्या, मी पेगन आहे. आणि लगेच म्हणाल्या, मुलं घरात येतात, म्हणून इथं ठेवलंय. मग त्यांनीच सांगितलं की आपला पंथ लपवून ठेवण्याला त्यांच्या लोकांत ‘झाडूच्या कपाटात राहणं’ असं म्हणतात, आणि त्या तर खरोखरच झाडूच्या कपाटात आहेत. एवढं बोलून हसल्या. मला त्या वेळी त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

आता पेगन म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खेडवळ, गावाकडचा. ख्रिस्ती धर्म पसरला तेव्हा जे जुन्या देवदेवतांना धरून राहिले त्यांना हा शब्द लावला गेला, म्हणजे शिवीच म्हणा ना. आजचे पेगन हा शब्द आपणहून वापरतात. त्यांच्यात विक्का आहेत, ड्रुइड आहेत, कुठल्याच गटात नसलेले एकटेही आहेत. एक ग्रंथ नाही, एक गुरू नाही. बहुतेकांना निसर्ग पवित्र वाटतो, कित्येकजण देवाबरोबर देवीही मानतात, आणि वर्षाचे आठ सण बरेचजण पाळतात. त्यातले चार सूर्यावर, दिवस-रात्र मोठी, लहान किंवा समान होते त्या वेळी. बाकीचे चार अधेमध्ये, त्यात १ ऑगस्टचा पहिल्या पिकाचा आणि ३१ ऑक्टोबरचा मृतांच्या आठवणीचा. विक्का पंथातले बरेचजण स्वतःला ‘विच’ म्हणवतात, म्हणजे आपल्या भाषेत चेटकीण. इथंच सगळी गडबड होते. आपल्याकडं खेड्यात एखाद्या विधवेला चेटकीण म्हटलं की पुढं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. आणि ती पाच टोकांची चांदणी लोक सिनेमात बघतात आणि सैतानाची खूण समजतात. पेगन लोक सैतान मानतच नाहीत, तो ख्रिस्ती धर्मातला.

हे सगळं मी तेव्हा त्यांच्याकडून आणि नंतर लेकीनं वाचनालयातून आणून दिलेल्या पुस्तकांतून गोळा केलं. इंग्लंडमध्ये १७३५ पासून असलेला चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९५४ मध्ये, जेराल्ड गार्डनर या माणसानं आपल्या पंथावर उघड पुस्तक लिहिलं. हे गृहस्थ मलायात जकात खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले! त्यांच्या पंथाच्या प्रार्थना आणि विधी ज्यांनी लिहून काढले त्या डोरीन व्हॅलिएंट बाई मात्र बरीच वर्षं उघडपणे समोर आल्या नाहीत. त्यांच्या आईला हे पटणारं नव्हतं, म्हणून आई असेपर्यंत त्यांनी जपून घेतलं आणि आई गेल्यावर मोकळेपणानं बोलू लागल्या. ब्रायटन शहरात त्या राहत होत्या त्या इमारतीवर २०१३ मध्ये निळी पाटी लागली, थोरामोठ्यांच्या घरांवर लावतात तशी. ही गोष्ट मला फार जवळची वाटली. आईला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिलेली मुलगी कुठल्या समाजात नसते? तिला भित्री म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण आमच्या बाईंच्या गप्प राहण्याचं कारण आईचं नव्हतं. त्यांची स्वतःची मुलं लहान होती ती १९९० च्या सुमाराला. त्या काळात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये सैतानपूजेत मुलांचा छळ होतो अशी एक हूल उठली होती. १९९१ च्या फेब्रुवारीत ऑर्कनी बेटांवर पहाटे सरकारी माणसं आणि पोलीस चार घरांत गेले आणि नऊ मुलं उचलून नेली. ती कुटुंबं पेगन नव्हती, साधी आपली माणसं होती. एप्रिलमध्ये कोर्टानं प्रकरण फेटाळलं आणि मुलं परत आली. पुढं १९९४ मध्ये जीन ला फाँटेन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी सरकारसाठी अशा प्रकरणांची तपासणी करून अहवाल दिला, त्यात सैतानपूजेचा पुरावा सापडला नाही. पण विचार करा, ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांची मुलं नेली, तर घरात मेणबत्ती लावून देवीची पूजा करणाऱ्या तरुण आईला झोप कशी लागली असेल? बाईंनी त्याच महिन्यात फळी कपाटात नेली. तेव्हापासून ती तिथंच आहे. मुलं मोठी झाली, लग्नं झाली, फळी बाहेर आली नाही.

आता माझी चूक.

जुलैत नातवाला घेऊन बागेत जायची. तिथं बाकावर आपल्याच समाजातल्या एक आजी भेटायच्या. गुजरातच्या, श्वेतांबर, सुनेकडं राहणाऱ्या. परदेशात आपलं माणूस भेटलं की जीभ सैल सुटते, तुम्हालाही अनुभव असेल. एक दिवस बोलता बोलता मी शेजारच्या बाईंचं कौतुक करायला लागले. किती साध्या, झाडाला पाणी घालून सूर्याला नमस्कार करतात, पृथ्वीला आई मानतात, अगदी आपल्यासारख्याच. आणि वर मीच म्हणाले, ‘काला जादू वगैरह कुछ नहीं करते हं!’

बघा, म्हणाले काय मी? ‘नाही’ म्हणाले. पण ऐकणारीच्या कानात ‘नाही’ राहिलंच नाही, काळी जादू तेवढी राहिली. आजींनी सुनेला सांगितलं. सुनेनं शाळेच्या फाटकाशी आणखी एकीला सांगितलं. आजींचा नातूही त्याच बाईंकडं जायचा, हे मला माहीत होतं आणि माहीत असून मी बोलले. त्यांनी मुलगा काढून घेतला. कारण काय दिलं, तर घरी आजी आहेत, आता गरज नाही. दुसरी आई इंग्रज होती. ती सरळ दारात येऊन म्हणाली, तुमच्या घरात चेटूक चालतं हे खरं का? बाई म्हणाल्या, चेटूक चालत नाही, मी पेगन आहे. तिनं मुलीचा हात धरला आणि गेली ती परत आली नाही.

पाचाची तीन मुलं झाली. मी वाणिज्य शाखेची आहे, मला हिशेब लगेच दिसतो. विमा तेवढाच, नोंदणीची फी तेवढीच, घर तेवढंच गरम ठेवायचं, आणि उत्पन्न पाचातलं दोन भाग कमी. पाच मुलांवर जे सुटतं ते तीन मुलांवर जवळजवळ सुटतच नाही.

बाईंनी मला कुंपणापाशी बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, तुम्हाला सोडून या गल्लीत कुणालाच मी ते कपाट दाखवलं नव्हतं. मी म्हटलं, अहो, मी चांगलंच बोलले होते. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे, तुम्ही चांगलंच बोलला असणार. पण ते सांगणं माझं होतं.

घरी लेकीनं माझी खरडपट्टी काढली, ती वेगळीच. आणि मग तिनं स्वतःचं सांगितलं. नोकरी लागली तेव्हा ऑफिसात रोज कोण समजावणार म्हणून तिनं सांगून टाकलं होतं की मला कांदा-लसणाची ॲलर्जी आहे. तिकडं ॲलर्जी हा शब्द भलता गंभीर. ऑफिसच्या जेवणाला हॉटेलवाल्यानं तिला वाढायलाच नकार दिला, आमच्या स्वयंपाकघरात सगळीकडं कांदा आहे, आम्ही जबाबदारी घेणार नाही म्हणे. सगळे जेवले, ही पाणी पीत बसली. दुसऱ्या दिवशी तिनं साहेबाला खरं सांगितलं. साहेब म्हणाला, मग आधीच का नाही सांगितलंस? आता याचं काय उत्तर द्यायचं? सहा वर्षं त्याच ऑफिसात आहे, आता सगळ्यांना माहीत आहे. पण पहिल्या महिन्यात, परिवीक्षेवर असताना, अनोळखी पंधरा माणसांत आपला धर्म मांडून बसावंसं वाटलं नाही तिला. मी तिला रागावणार होते, पण कुठल्या तोंडानं रागावणार?

तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करते आहे आणि माझं मत जरा बदललं आहे. आधी मी त्यातली होते ज्या म्हणतात, वाईट काही करत नाही ना, मग लपवायचं कशाला? आपल्या महिला मंडळातही हे वाक्य किती सहज ऐकू येतं. पण हे म्हणणारीला काही मोजावं लागत नाही. शेजारच्या बाई बँकेत असत्या तर गोष्ट वेगळी होती. तिथं २०१० चा समानतेचा कायदा आहे, धर्मावरून किंवा श्रद्धेवरून कुणाला कामावरून काढता येत नाही, आणि त्यात पेगनही येतात. मालकाविरुद्ध कायदा आहे. गिऱ्हाइकाविरुद्ध कुठला कायदा असणार? आईनं आपलं मूल कुणाकडं ठेवायचं ते तिच्या मर्जीवर. घर चालवणारी, मुलं सांभाळणारी, शिवणकाम करणारी, डबे देणारी बाई जगते ती लोकांच्या विश्वासावर, आणि तो पातळ झाला तर दाद मागायला जागा नाही. म्हणून मोठ्या पगाराच्या माणसानं मोकळं व्हावं आणि त्याच मापानं डबेवालीला मोजावं, हे मला बरोबर वाटत नाही.

दुसरं टोकही मला पटत नाही. धर्म आपल्या घरात ठेवावा, चव्हाट्यावर कशाला, असं म्हणणारे लोक. सगळ्यांनीच घरात ठेवला तर बाहेरच्यांना कळणार कसं? अमेरिकेत नेवाडाचा एक सैनिक, सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट, २००५ मध्ये अफगाणिस्तानात मारला गेला. तो विक्का पंथाचा होता. सरकारी स्मृतिफलकावर क्रॉस कोरून मिळतो, इतर अनेक धर्मांची चिन्हं मिळतात, पण वर्तुळातली चांदणी मिळेना, कारण ती मान्य चिन्हांच्या यादीतच नव्हती. त्याच्या बायकोनं, रॉबर्टा स्टुअर्टनं, चांदणीशिवायचा फलक घेतला नाही. ती उघड भांडली, बाकीचेही भांडले, कोर्टात गेले, आणि एप्रिल २००७ मध्ये ते चिन्ह यादीत आलं. ती घरात बसली असती तर आलं नसतं. पण ती विधवा होती, पुढं आली ती स्वतः होऊन आली. तिला कुणी बाकावर बसून पुढं ढकललं नव्हतं.

जनगणनेचंच बघा. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत पेगन लिहिणारे सुमारे ७४ हजार निघाले, विक्का लिहिणारे १३ हजार वेगळे. त्याआधी २०११ मध्ये पेगन ५७ हजार होते. आणि आपण जैन किती? सुमारे २५ हजार! फॉर्मवर ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, शीख यांना चौकटी छापलेल्या असतात. पेगनांना नाही आणि आपल्यालाही नाही. दोघांनीही ‘इतर’ वर खूण करायची आणि पुढं स्वतः लिहायचं. धर्माच्या प्रश्नाचं उत्तर देणं सक्तीचंही नाही. जावईबापूंनी सवयीनं हिंदूवर खूण केली होती, ती लेकीनं बदलून घेतली. आपल्याकडं तरी काय वेगळं होतं? माझ्या सासऱ्यांनी धर्माच्या रकान्यात कायम हिंदू लिहिलं आणि जैन हा शब्द खाली पोटात घातला. धर्माच्या रकान्यात जैन लिहा म्हणून समाजानं घरोघरी सांगितलं तेव्हा कुठं फरक पडला. २०११ च्या जनगणनेत आपण भारतात साडेचव्वेचाळीस लाख होतो. खरे किती असू?

बाई २०११ मध्ये तो प्रश्न कोरा सोडून दिल्या. २०२१ मध्ये मात्र त्यांनी पेगन लिहिलं. मी विचारलं, शेजाऱ्याला सांगायला भीती आणि सरकारला सांगायला नाही? त्या म्हणाल्या, ते कागद शंभर वर्षं कुणाला दाखवत नाहीत. मी नसेन, माझी मुलं नसतील, तेव्हा उघडतील, आणि कुणा पणतीला कळेल की आपली पणजी कोण होती. मला हे फार आवडलं. उघड होणं आणि लपून राहणं यांच्यामध्ये केवढी तरी जागा असते, आणि तिथं माणूस आपल्या सोयीनं पायऱ्या करतो. बाईंच्या गळ्यात ती चांदणी बारीक साखळीत असते. कामाच्या दिवशी सदऱ्याच्या आत, शनिवारी बाहेर. मी चार महिने त्यांना रोज बघत होते, माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. इथल्यासारखी बस्ती तिथं जवळ नाही, आमच्या गावच्या पंडितजींचा स्वाध्याय फोनवर ऐकत होते. तुम्हाला माहीत आहे, दहा दिवस तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. कितीतरी वर्षं ऐकते आहे. सत्य अणुव्रताचे पाच अतिचार आले. कूटलेखक्रिया म्हणजे खोटे दस्तऐवज, हा आम्हा बी.कॉम.वाल्यांचा. न्यासापहार म्हणजे ठेव बुडवणं, तोही आमचाच. यांवर मी दरवर्षी मनातल्या मनात खूण करून टाकते, आपण यातले नाही म्हणून. पण रहोभ्याख्यान? दुसऱ्याचं एकांतातलं उघड करणं. आणि साकारमंत्रभेद? कुणाचा मनातला हेतू ओळखून तो दुसरीकडं सांगणं. हे चोरीच्या नाही, अहिंसेच्याही नाही, सत्याच्या व्रताचे दोष सांगितले आहेत. मी बाकावर एक शब्द खोटा बोलले नव्हते. जे होतं तेच सांगितलं होतं. तरी ते सत्यव्रताला लागतं, हे चाळीस वर्षं ऐकून माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी आपली समजत होते, खरं बोललं की झालं.

म्हणून आता कुणी मला विचारलं की पेगन माणसानं, किंवा कुणीही, किती उघड राहावं, तर मी म्हणेन, खोटं सांगू नये, ते ॲलर्जीसारखं अंगाशी येतं. पण न सांगणं म्हणजे खोटं नव्हे. आणि किती सांगायचं, कुणाला, कधी, हे ज्याला त्याची किंमत पडणार आहे त्यानंच ठरवावं. बाकीच्यांनी, म्हणजे आपण, जिभेला थोडी गाठ मारावी. आणि आपण आणखीही एक करू शकतो, ते मला जास्त जड वाटतं. कुणी सांगितलंच, तर मूल काढून घेऊ नये. ती गुजरातची आजी वाईट नव्हती. तिची सूनही नाही. आपल्या मुलांना शाळेत ‘हे काय खातात’ म्हणून चिडवलं की आपल्याला किती लागतं! मग तेच आपण एका फळीवरच्या दगडाला का घाबरतो? मी त्या आजींना नंतर जाऊन सांगितलं, माझ्या बोलण्यातून तुमचा गैरसमज झाला. त्या म्हणाल्या, जाऊ द्या ना बेन, आता तो घरीच रमलाय. विषय तिथंच संपला.

क्षमावाणीच्या दिवशी मी बाईंकडं गेले. आपण त्या दिवशी फोनवर शेकडो लोकांना एकच निरोप पाठवतो, मीही सकाळी पाठवला होता. ज्यांची खरोखर मागायची होती त्या बारा पावलांवर होत्या आणि तिथं जायला मला दुपारचे तीन वाजले. मी आपली चाल सांगितली आणि हात जोडले. क्षमा केली असं काही त्या म्हणाल्या नाहीत. चहा ठेवला. मग म्हणाल्या, उरलेल्या तीन घरांना मी आता स्वतःच सांगणार आहे, दुसरीकडून कळायच्या आत. तीनपैकी एक माझी लेक, तिला माहीतच होतं. दुसऱ्या घरातली आई म्हणाली, आमच्या मुलीनं कधीच सांगितलंय, तुमच्या घरी कपाटात मेणबत्ती आहे म्हणून. तिसऱ्या घरचा बाप काहीच बोलला नाही. सोमवारी मुलाला नेहमीसारखं घेऊन आला. यावर माझी एक मैत्रीण म्हणाली, बघ, तुझ्या चुकीनं चांगलंच झालं. मला हे बोलणं आवडलं नाही. मी निघाले तेव्हाही त्या दोन मुलांच्या जागी नवी मुलं आलेली नव्हती, आणि बाईंनी आठवड्यातून तीन सकाळी एका दुकानात काम धरलं होतं.

३१ ऑक्टोबरला तिथं हॅलोविन. गल्लीतली मुलं काळ्या टोप्या घालून, हातात झाडू घेऊन, चेटकिणी होऊन दारोदार फिरतात आणि खाऊ मागतात. बाईंच्या दारातही आली. बाईंनी सगळ्यांना चॉकलेटं वाटली, टोप्यांचं कौतुक केलं. त्या दाराशी मुलीला घेऊन निघून गेलेली आईही रस्त्याच्या पलीकडं उभी होती. तिची मुलगीही टोपी घालून आली होती. बाईंनी तिला दोन चॉकलेटं दिली.

मुलं गेल्यावर त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. त्यांचा तो मृतांच्या आठवणीचा सण. टेबलावर दोन ताटं मांडली होती, एक त्यांचं, एक यजमानांचं. मेणबत्ती कपाटातून आणून टेबलावर ठेवलेली, पडदे मात्र ओढलेले. आपल्यात श्राद्ध नाही, मेलेल्याला अन्न पोचत नाही असंच आपण मानतो, आणि मीही तेच मानते. पण बसायला काय हरकत होती? मी तिसऱ्या खुर्चीवर बसले. त्या यजमानांचं काहीबाही सांगत होत्या, त्यांना प्लमचा मुरांबा आवडायचा, घड्याळं दुरुस्त करायचे. तासभर बसले असेन. त्यांनी मला पाव विचारला नाही, चहा विचारला नाही, पाण्याचा पेलासुद्धा पुढं केला नाही. साडेसहा वाजले होते, सूर्य मावळून दोन तास झाले होते, आणि तक्ता त्यांच्याच भिंतीवर होता.